दाढीवाल्याचा सेंड-ऑफ

आई, तुझा दाढीवाला परत आला. सकाळी मी डबे भरत होते, तेवढ्यात तुझ्या नातीने फोन माझ्या नाकासमोर धरला आणि म्हणाली, "आई, लुक, आजीज गाय इज बॅक." जुन्याच संघाने त्याला एका वर्षाच्या कॉन्ट्रॅक्टवर घेतलंय. हा हंगाम खेळायचा आणि मग आइस हॉकीला रामराम. फोटोत दाढी निम्मी पांढरी झालेली दिसते, गुडघ्याला पट्टा आहे, पण हसणं तेच आहे. बातमी वाचून माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो तुझाच होता. तू असतीस तर पोळी तव्यावर टाकता टाकता विचारलं असतंस, "आणि त्या दुसऱ्या क्लबाने एनओसी दिली का त्याला?"

तू गेलीस तोपर्यंत तुझी खात्री होती की खेळाडूचा पासपोर्ट क्लबाच्या कपाटात असतो आणि मालकाच्या एनओसीशिवाय त्याला संघ बदलता येत नाही. मी कितीदा समजावलं. तू म्हणायचीस, "मला नको शिकवू. तुझ्या बाबांना सलमाबादचं वर्कशॉप सोडून मीना सलमानच्या बंदरावर जायचं होतं, तेव्हा किती महिने त्या एका कागदासाठी हेलपाटे घातले ते मी बघितलंय." बर्फावरच्या त्या गोऱ्या पोरांच्या बाबतीतही तुला हेच दिसायचं. कुणी नवीन सही केली की तू विचारायचीस, फॅमिली नेणार का, मुलांच्या शाळेचं काय, रिन्यू झालं नाही तर घर किती दिवसांत सोडावं लागेल. तिथल्या पत्रकारांनाही हे प्रश्न सुचत नसतील.

रत्नागिरीहून इथे आखातात आलेली, आयुष्यात कधी बर्फ न बघितलेली बाई आइस रिंकच्या काउंटरवर स्केट्स वाटायला लागते, हे आठवलं की मला अजून हसू येतं. बाहेर डांबर वितळेल असं ऊन, आणि तू जुलै महिन्यात लोकरीचा स्वेटर घालून, कानाला स्कार्फ बांधून कामाला निघालेली. उम्म अल हस्सममधल्या आपल्या बिल्डिंगचा वॉचमन तुला रोज विचारायचा, "आंटी, शिमला?" आणि तू रोज "हां, रिटर्न टिकट" म्हणायचीस. समोरच्या माणसाचे पाय बघूनच तू स्केट्सचा नंबर काढायचीस. संध्याकाळी कॅनडाची माणसं हॉकी खेळायला यायची, कुणी तेल कंपनीतला इंजिनीअर, कुणी शाळेत मास्तर. काउंटरवरच्या टीव्हीवर ती आदल्या रात्रीचे सामने परत लावायची. तूही बघायला लागलीस. महत्त्वाचे सामने सुरू झाले की खेळाडू जिंकेपर्यंत दाढी करत नाहीत, हे कळलं तेव्हा तू लगेच म्हणालीस, "म्हणजे नवसच की." त्यांच्यातला सगळ्यांत मोठ्या दाढीचा होता, तो त्याच दिवसापासून तुझा दाढीवाला झाला. बाबा चिडवायचे, "काय, जावई जिंकले का काल?"

पण तुझा खरा हंगाम उन्हाळ्यात असायचा. सामने बंद, रिंक ओस, नुसत्या बातम्या, कोण कुठे सही करतोय, कुणाला कोण नको झालंय. तू म्हणायचीस, "खेळ मला निम्मा कळतो, कॉन्ट्रॅक्ट पूर्ण कळतं." अशाच एका उन्हाळ्यात दाढीवाल्याचं कॉन्ट्रॅक्ट संपलं आणि तो दुसऱ्या शहरात गेला. काय आकांडतांडव झालं काउंटरवर. ज्याला वर्षानुवर्षं डोक्यावर घेतलं होतं, त्याला ही मोठमोठी माणसं गद्दार म्हणत होती. मास्तरांनी तर त्याच्या नावाचा शर्ट आणला आणि तुझ्यासमोर फाटक्या मोज्यांच्या बादलीत कोंबला. मास्तर आत गेल्यावर तू तो बादलीतून काढलास, घरी आणून धुतलास, इस्त्री केलास. मी विचारलं तेव्हा म्हणालीस, "माणूस कॉन्ट्रॅक्ट खलास करून चाललाय. त्याला असं पाठवतात होय?"

आपल्याकडे कुणी कायमचं निघालं की ऑफिसात केक यायचा, बिल्डिंगमधली माणसं एअरपोर्टपर्यंत जायची. ज्याच्याशी वर्षभर अबोला होता तोही बॅग उचलायला पुढे व्हायचा. इथे प्रत्येकाला कधीतरी जायचंच असतं, म्हणून जाणाऱ्यावर कुणी दात धरत नसे. तू तोच रिवाज दाढीवाल्याला लावलास. पुढच्या शुक्रवारी पातेलंभर शिरा करून रिंकवर नेलास, काउंटरवर शर्ट टांगलास आणि ज्याला यातलं काही ठाऊकही नव्हतं त्याचा सेंड-ऑफ केलास. माणसं बावचळली. तू डाव उगारून उभी होतीस. "फर्स्ट यू ईट. देन वन गुड थिंग अबाउट हिम. ओन्ली वन. बॅड थिंग एव्हरीबडी नोज. यल्ला, क्विक." इंजिनीअर म्हणाला, हरल्यावरही तो समोरच्या गोलकीपरची पाठ थोपटायचा. कुणी म्हणालं, पोरांना सह्या दिल्याशिवाय तो बसमध्ये चढत नसे. मास्तर सगळ्यांत शेवटी बोलले, आणि बोलताना त्यांना चष्मा काढावा लागला. मग त्यांनी दुसऱ्यांदा शिरा घेतला. शर्ट मात्र त्यांनी तुझ्याकडेच ठेवला. आई, मला त्या दिवशी तुझा इतका अभिमान वाटला होता की मी तो तुला सांगू शकले नाही. आज सांगते.

आता खरी गोष्ट. तुझी नात चाललीय. त्याच थंड देशातल्या, कॅनडातल्या एका हॉस्पिटलने तिला फिजिओथेरपिस्ट म्हणून घेतलंय. सही करून झाल्यावर तिने मला सांगितलं. तुझ्या काउंटरमागे बसून जिने होमवर्क केला, तुझ्या हातच्या स्केट्स घालून जी पहिल्यांदा पडली, तिला दुसरं काय सुचणार. पण मी स्वयंपाकघरात उभी राहून म्हणाले, "इतकी वर्षं आम्ही केलं, त्याचं काय?" ती म्हणाली, "आई, दॅट्स नॉट फेअर." गेला आठवडा आमच्यात कामापुरतंच बोलणं आहे.

आज बातमीखाली लोकांनी काय काय लिहिलंय ते मी वाचत बसले. कुणी त्याला डोळ्यांत पाणी आणून या म्हणतंय, कुणी म्हातारा झाल्यावर आठवण आली का म्हणून नाक मुरडतंय. एकाने लिहिलंय की इतकी वर्षं आम्ही गळा फाडून ओरडलो, त्याचं काय. ते वाचलं आणि मी फोन पालथा ठेवला. माझंच वाक्य होतं ते, परक्या माणसाच्या तोंडी. तुझी ही लेक मोज्यांच्या बादलीपाशी उभी होती, हातात शर्ट घेऊन.

मी तिला हाक मारली आणि येत्या शुक्रवारी तिचा सेंड-ऑफ करणार असल्याचं सांगितलं. आजीच्या पद्धतीने, शिरा आणि एकेक चांगली गोष्ट. ती माझ्या गळ्यात पडली. मग डोळे पुसत विचारते कशी, "सो, एनओसी मिळाली?" मी म्हटलं, मिळाली. तुझा तो शर्ट तिच्या बॅगेत तळाशी घातलाय, तिथे तो तिला लहान मुलाने बापाचा शर्ट घातल्यासारखा ढगळ होईल, पण स्वेटरच्या आत चालेल.

मला पुण्याला कॉलेजला पाठवलंस तेव्हा तू सगळ्यांसमोर माझ्याबद्दल एकच वाक्य बोलली होतीस, "हिला भूक लागली की ही मागून खाते, हिची काळजी नाही." एवढं बोलून तू तडक आत गेलीस आणि नळ सोडून भांडी घासायला लागलीस. पाहुणे बाहेर बसलेले, आणि ही बाई भांडी घासते, याचा मला रागच आला होता. आज दुपारपासून मी माझं वाक्य घोकतेय. चांगलं वाक्य आहे, तुला आवडेल. पण ते संपलं की दर वेळी त्याला चिकटून "नको ना जाऊस" बाहेर पडतं. हे पत्र तुला पोचायचं नाही, म्हणून तुला सांगते, तिला सांगणार नाही. शुक्रवारी मी माझं वाक्य बोलेन आणि आत जाऊन नळ सोडेन.