एल्मा हाऊझरच्या वृत्तान्तातले सातवे पान

मी, वर्ना हाऊझर स्पाक, वय वर्षे ब्याऐंशी, कै. लोवेल स्पाक यांची विधवा, राहणार एनोन क्रीक, स्टोक्स काउंटी, नॉर्थ कॅरोलायना, हे मृत्युपत्र स्वहस्ते, कोणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्राला ते लागत नाहीत. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते मी नणंदेवर चिडून लिहिले होते.

१. राहते घर व मागचे दोन एकर माझी एकुलती मुलगी जनेल हिला मिळावेत. ती पोर्टलंडला, देशाच्या दुसऱ्या टोकाला राहते. तिने घर खुशाल विकावे. तिकडे बसून इथले छप्पर गळते की नाही हे तिला कळायचे नाही.

२. आल्याची पातळ बिस्किटे लाटायचे माझे लाटणे नणंद ऑपल हिला द्यावे. ते तिने १९८८ साली दोन दिवसांसाठी नेले आहे, त्यामुळे पोचवण्याचा त्रास पडणार नाही. तिची बिस्किटे तरीही जाडच होतात.

३. बीच झाडाच्या लाकडाची काठवट मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, स्वयंपाकघराला द्यावी. माझ्या आईने, एल्मा हाऊझरने, तिच्यात साठ वर्षे प्रीतिभोजनाच्या, म्हणजे उपासनेत सगळ्यांना वाटायच्या गोड बनपावांचे पीठ मळले. आई चौऱ्याण्णव वर्षे जगली. तिची एक उपासना चुकल्याचे कोणाला आठवत नाही. माझा भाऊ डॉइल १९४८ च्या पोलिओच्या साथीत गेला, सहा वर्षांचा होता. त्याच्या पुढच्याच रविवारी आई गायकवृंदात आपल्या जागी उभी होती. बायका आपल्या मुलींना सांगत, विश्वास शिकायचा तर एल्माकडे बघा. मला याचा फार अभिमान होता आणि पुढचे सगळे त्या अभिमानातून झाले.

४. मला आमच्या मंडळीच्या रीतीप्रमाणे पुरावे. नवराबायको शेजारी नाहीत. बायका बायकांत, पुरुष पुरुषांत, मुले मुलांत, ज्या क्रमाने मरण येईल त्या क्रमाने, सगळ्यांचे दगड सारखे आणि आडवे. ऑपल माझ्या जरा आधी गेली तर पुनरुत्थानापर्यंत मला तिच्या शेजारी पडावे लागेल. प्रभूची इच्छा.

दगड घासायचा ब्रश आणि बादली जनेलला द्यावी. ईस्टरच्या आदल्या शनिवारी सगळी मंडळी आपापल्या माणसांचे दगड घासून फुले ठेवते. सोळा वर्षे मी दोन्ही दगड एकटीने घासते, आईचा आणि डॉइलचा. लोवेलचा त्याची बहीण ऑपल घासते.

५. आता ते पान.

आमच्यात प्रत्येकाने आपला जीवनवृत्तान्त स्वतः लिहून ठेवायचा आणि दफनाच्या दिवशी पाळकांनी तो वाचायचा, अशी चाल आहे. आईने आपला नऊ पानांत लिहून, पाकीट बंद करून माझ्याकडे दिला होता. २००८ साली ती गेली, तेव्हा पाळकांकडे देण्याआधी मी तो उघडला. उघडायला नको होता. सातवे पान मी काढून घेतले. त्यावर आईच्या अक्षरात हे आहे:

"डॉइलच्या पेटीवर माती पडली त्या दिवशी माझी प्रार्थना बंद पडली. कोणाला सांगितले नाही. अकरा वर्षे गाताना मी नुसते ओठ हलवले. बन भाजले, नाताळच्या मेणबत्त्यांना लाल कागद गुंडाळले, वर्नाकडून वचने पाठ करून घेतली. १९५९ च्या ईस्टरआधीच्या शनिवारी त्याचा दगड घासून झाल्यावर मी म्हणाले, आता स्वच्छ झाला बघ. मग ध्यानात आले, हे मी डॉइलला म्हटले नव्हते, देवाला म्हटले होते. माझ्या मुलीवर किंवा तिच्या लेकरांवर असे दिवस आले तर त्यांना हे जरूर ऐकवावे."

दफनाच्या दिवशी पाळकसाहेब थिओडोर राइट्स उरलेली आठ पाने वाचताना एका जागी क्षणभर थांबले, माझ्याकडे बघितले आणि पुढे वाचू लागले. ती नजर मला अजून सोडत नाही.

त्याच दिवशी मंडळीच्या स्वयंपाकघरात कप विसळताना जनेल मला हळूच म्हणाली, "आई, मला बरीच वर्षं यातलं काही जाणवत नाही गं. मी नुसती येऊन बसते. आजीला कधी असं झालं होतं का?"

पान माझ्या एप्रनच्या खिशात होते. मी म्हणाले, "कधीच नाही."

तिने कप पुसून ठेवला. त्यानंतर ती एकाही ईस्टरला आलेली नाही. रविवारी फोन करते, हवा कशी आहे ते विचारते.

तेव्हापासून आई सकाळी स्वयंपाकघरात असते. वेड लागले म्हणून हे मृत्युपत्र कोणी रद्द करू नये. मी फक्त ऐकते ते लिहिते. पीठ मळायला घेतले की माझ्या मागे पाने उलटल्याचा आवाज येतो. सहा वेळा येतो आणि थांबतो. मी वळून बघत नाही. आणि सोळा वर्षे गाताना मीही नुसते ओठ हलवते. आईचे पान चोरले आणि ते माझ्याच अंगात शिरले.

तरी असे व्हावे: माझ्या दफनाच्या दिवशी माझा वृत्तान्त वाचू नये, मी तो लिहिलेला नाही. सातवे पान वाचावे, आणि नंतर ते जनेलला द्यावे.

सही करण्यापूर्वी जोडलेला मजकूर, त्याच दिवशी:

आज दगड घासून झाल्यावर कबरस्तानाच्या फाटकाशी मी हे कागद पाळकसाहेबांपुढे साक्षीसाठी ठेवले. ते आता निवृत्त आहेत, एक्क्याण्णव वर्षांचे. त्यांनी सगळे वाचले, चष्मा पुसला.

"सहानंतर एकदम आठ आलं होतं," ते म्हणाले. "सोळा वर्षं मी सातची वाट बघतोय. पण वर्ना, पाकिटाला तिकीट लावायला माणसाला मरावं लागत नाही."

टपाल कचेरी शनिवारी बारा वाजता बंद होते. आम्ही पावणेबाराला पोचलो. पानासोबत मी चिठ्ठी घातली: 'तू विचारलं होतंस. मी खोटं बोलले. आजीलाही झालं होतं आणि मलाही होतंय.' पाकीट खिडकीतून आत सरकवले.

जनेल काय म्हणेल ते मला ठाऊक नाही. उद्या रविवार आहे, ती हवा कशी आहे ते विचारील. पान पोचेपर्यंत मी तिला खरी हवा सांगेन.

सबब कलम पाचमधील शेवटची सूचना रद्द. ते पान आता माझ्या मालमत्तेत नाही.

सही: वर्ना हाऊझर स्पाक
साक्षीदार: थिओडोर राइट्स, निवृत्त पाळक, एनोन मंडळी
साक्षीदार: डार्ला फिशेल, टपाल कारकून (मजकूर वाचलेला नाही, सही करताना पाहिले)

स्थळ: टपाल कचेरी, एनोन क्रीक
दिनांक: ३० मार्च २०२४, ईस्टरचा आदला शनिवार, बाराला पाच कमी