पाहुणी आपल्या घरी का येणार नाही

महामायाचे पप्पा,

भाकरी टोपल्यात आहेत, वरण गरम करून घ्या. मी लातूरला चालले.

काल चाकूरच्या बाजारात तुमच्या शाळेतल्या सुकन्या मॅडम भेटल्या, त्यांनी मीटिंगमधलं सगळं सांगितलं. जपानची मुलं इथं शिकायला आणायला तुमच्या शाळेच्या कमिटीपुढं दोन संस्था होत्या ना? पहिली संस्था स्वतः घरं बघून मुलं ठेवणार होती. त्यांच्या बाई आपलं घर पसंत करून गेल्या होत्या. दुसऱ्या संस्थेत घरं शाळाच ठरवणार. अध्यक्ष म्हणाले, "दुसरीच घ्या, न्हाईतर पाव्हणे भीमनगरात जाऊन ऱ्हातील." सगळे हसले. मग दुसरीसाठी तुम्हीपण हात वर केला.

आणि मला येऊन सांगता, पहिलीचे कागद अपुरे होते!

नोकरीची भीती मला कळत नाही का? तुम्ही नुसते गप्प बसला असता तर मी एक शब्द बोलले नसते. हात कशाला वर केला? तोही आपल्याच घराच्या विरोधात?

मी लातूरला त्या संस्थेच्या बाईंना भेटून खरं कारण सांगणार हाय. पुढं काय व्हायचं ते होऊ द्या.

महामायानं तिच्या खोलीत दुसरी गादी घालून ठेवलीय. शाळेतून आली की विचारेल, पाहुणी कधी येणार. मी तिला काहीच सांगितलं नाही. ती तुमच्याच शाळेत शिकते, आज ना उद्या कुणीतरी तिला सांगेलच. त्याआधी तुमच्या तोंडून कळू द्या.

मनिषा