आठवड्याला शंभर पाठी

८ सप्टेंबर, सोमवार
डॅलसच्या शिबिरातून परत. डोकं भणभणतंय, चांगल्या अर्थानं. कोच ब्रॉडी म्हणतो, पेशंट येत नसतात, ओढले जातात. म्हणजे माझे हात ठीक आहेत, माइंडसेट भिकार होता. सहा वर्षं लोकांचे मणके बसवले, स्वतःचा कणा विसरलो. (हे वाक्य भिंतीवर लावायचं.)
सध्या आठवड्याला बावीस पेशंट. टार्गेट शंभर.
सासऱ्यांनी साठच मागितलेत. जागा त्यांची. नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगपर्यंत साठ झाले नाहीत, तर दवाखाना बंद आणि मी त्यांच्या धान्याच्या गोदामात, ट्रकच्या वजनकाट्यावर. मी हसलो. ते हसले नाहीत.

९ सप्टेंबर
स्टॉपवॉच लावून बसलो. मणके बसवायला चार मिनिटं. निरोप घ्यायला एकतीस. आमच्या आयोवात माणूस मांडीवर थाप मारून "चला, निघतो" म्हणतो आणि बसूनच राहतो. मग दारात हवापाणी. मग गाडीची काच खाली करून मक्याचं पीक, आणि कोणाच्या सुनेला काय झालं ते.
बावीस गुणिले एकतीस. अकरा तास वाया. तेवढ्यात आणखी एकशे सत्तर पाठी होतात.
जोलीनला दाखवलं. ती म्हणाली, वेळ मिळेल, पण पाठी कुठून आणणार? निगेटिव्ह माइंडसेट. बायको असली तरी नोंद केली.

१५ सप्टेंबर
वेटिंग रूममधल्या खुर्च्या काढल्या. कॉफी बंद. पाटी: "निरोप एकदाच."
रिसेप्शनवर अर्लिस आत्या, जोलीनची आत्या. पेशंटना गाईगुरांची खुशाली विचारते. तिला कोचनं दिलेले प्रश्न छापून दिले. तिनं ग्लेन ओल्थॉफला वाचून दाखवलं: बरं होण्यासाठी तुम्ही दहापैकी किती कटिबद्ध आहात? ग्लेननं बराच विचार केला. म्हणाला, "वाईट नाही."
नऊ धरले.

२६ सप्टेंबर
सतरा. पण दर्जेदार सतरा.
नव्या पद्धतीबद्दल सगळे एकच म्हणतात, "वेगळंच आहे हो, डॉक." माझ्या लग्नातल्या सुटाबद्दल आईही हेच म्हणाली होती. म्हणजे कौतुकच.

१० ऑक्टोबर
अकरा. ब्रॉडीला फोन. तो म्हणाला, ऊर्जेची गळती शोध. शोधली. अर्लिस आत्याला मोकळं केलं.
तिनं निरोप घेतला. माझ्याशी दोन मिनिटं, बाकीच्यांशी पाऊण तास. वाटेत जो भेटला तो तिच्या गाडीपर्यंत गेला. माझ्या दहाच्या पेशंटसकट.

२१ ऑक्टोबर
आत्या जनावरांच्या डॉक्टरकडे लागली. तिथे म्हणे बसायला जागा नसते. ग्लेननं आपला धडधाकट कुत्रा आठवड्यात दोनदा तपासून आणला. लोकांना आजार कळत नाहीत.

४ नोव्हेंबर
सहा. कोचच्या भाषेत याला पोकळी म्हणतात. पोकळीत विपुलता शिरते.
दुपारी एक अनोळखी माणूस आत शिरला. स्वागत केलं, कटिबद्धता विचारली. तो म्हणाला, बाथरूम कुठे आहे. दाखवलं. नवा पेशंट म्हणून लिहिला.

२१ नोव्हेंबर
चार. त्यात जोलीन दोनदा.
दुसऱ्यांदा ती पालथी पडल्या पडल्याच बोलली. म्हणाली, "वेंडेल, तुझ्या हातात गुण आहे रे. हातामुळे कोणीच गेलं नाही."
मी म्हणालो, चार मिनिटं झाली.
ती उठली, कोट घातला, गेली. निरोप एकदाच. पद्धत बरोबर चाललीय. तरी नंतर कितीतरी वेळ तपासणीच्या टेबलावर अंथरलेला कागद बदलायचं सुचलं नाही.

२७ नोव्हेंबर, थँक्सगिव्हिंग
सासरे टर्की कापत होते. आकडा विचारला नाही. मीच सांगायला लागलो, की खरी वाढ जानेवारीत दिसते, आलेखाचा आकार बघा. त्यांनी मला मांडीचा मोठा तुकडा वाढला. म्हणाले, "सोमवारी सहाला ये. जाड मोजे घाल."
आत्या म्हणाली, रस्सा घे जावईबापू, कोरडं खाऊ नको.
घेतला.

१ डिसेंबर, सोमवार
वजनकाटा. याला मी संशोधन-रजा म्हणतोय.
पहिल्या दिवशी सात ट्रक. दवाखान्यात शेवटच्या मोजणीला आठवड्याचे चारच पेशंट होते. म्हणजे पंचाहत्तर टक्के वाढ, आणि तीही माइंडसेटवर. प्रत्येक ट्रकजवळ जातीनं उभा राहिलो, ड्रायव्हरच्या डोळ्यांत बघून आकडा सांगितला. काटा आणि माणूस यांचं नातं असतं, हे इथे कोणालाच माहीत नव्हतं.
पाचला सासरे बाहेर आले. थोडा वेळ माझ्या बुटांकडे बघत राहिले. मग म्हणाले, अरे बाबा, आधी त्या काट्याच्या पत्र्यावरून खाली उतर.
सातही ट्रकच्या वजनात मी धरला गेलोय.