सज्ज्यातली मंडळी

३० ऑक्टोबर १७८८

एकदाचा विंटल हॉलच्या वाड्यावर पोचलो. श्रॉपशरचे रस्ते ज्यानं बांधले त्याला परलोकात त्याच रस्त्यांवरून गाडीनं फिरवावं. बाकी चैन आहे. खोलीत शेकोटी, ताटात हरणाचं मांस. रिवाजाप्रमाणे पुडिंग येण्याआधी पाद्र्यानं उठायचं, तसा उठलो. पण दार लोटता लोटता कुठलं पुडिंग होतं ते पाहून घेतलं. मालकीणबाई लेडी डॉर्कस विधवा आहेत, फार बोलत नाहीत. ईस्टरपर्यंत घरच्या प्रार्थनाघरात नीट प्रवचनं दिलीत तर गावच्या चर्चमधली कायमची जागा तुमची, एवढंच म्हणाल्या. जन्मभर दुसऱ्या पाद्र्यांच्या बदली उभं राहून जिभेला धार आणि कोपरांना ठिगळं आलेल्या माणसाला आणखी काय हवं?

३१ ऑक्टोबर

प्रार्थनाघर पाहिलं. बाहेरून तबेल्याचा सख्खा भाऊ. आत मात्र देवदाराचा वास, काळ्या-पांढऱ्या संगमरवराची फरशी, आणि छतावर चुन्यात घडवलेले देवदूत, इतके गुबगुबीत की उडतात कसे याची काळजी वाटावी. नोकरांना बिनपाठीची बाकं. मालकांना वर पडदा लावलेला सज्जा, थेट निजायच्या खोल्यांतून दार काढलेला. म्हणजे देव तळमजल्यावर आणि मालक पहिल्या मजल्यावर! हे सगळं बाईसाहेबांचे दिवंगत यजमान सर एव्हरार्ड यांच्या आजोबांनी बांधलं. सज्ज्यातली शेकोटी वेदीपेक्षा मोठी. खर्च कुणासाठी झाला ते उघड आहे.

कारभारीण मिसेस पार्जिटर यांनी रीत समजावली. सज्ज्यातून शेकोटीची सळई खणखणली की प्रवचन आवरायचं. मनाला लावून घेऊ नका पाद्रीबाबा, म्हणाल्या, इथे बिशपचंसुद्धा आवरलंय.

२ नोव्हेंबर, रविवार

पहिलं प्रवचन. आधी नरक, मग क्षमा, ही आमची ठरलेली वाट. नरक माझा नेहमीच रंगतो; स्वयंपाकघरातली एक मुलगी रडली. क्षमेकडे वळणार तोच पडद्यामागे सळई खणखणली. आमेन म्हणून उतरलो. बरंच झालं. क्षमा माझी जरा पातळच असते, गरिबाघरच्या सूपसारखी.

९ नोव्हेंबर

पुन्हा त्याच जागी सळई. पण आज पाहिलं, बाईसाहेब खाली होत्या, दासींच्या बाकावर. मग वर कोण? पार्जिटरबाईंना विचारलं. मालक, म्हणाल्या. मी म्हटलं, सर एव्हरार्ड तर उन्हाळ्यात वारले ना? चमचे पुसतच त्या म्हणाल्या, हो, तेही असतात.

१० नोव्हेंबर

भर दुपारी सज्ज्यात गेलो. शेकोटी विटांनी बुजवलेली. सळई नाही, चिमटा नाही, राखही नाही. खुर्च्यांच्या हातांवर धुळीचा थर. गाद्यांवर धूळ नाही. मधोमध दबलेल्या. एकीवर हात ठेवला.

ऊबदार होती.

११ नोव्हेंबर

नोकरी सोडतो म्हणून सांगायला गेलो, सज्ज्यात पाहिलेलंही बोललो. बाईसाहेबांनी काहीच नाकारलं नाही. शेकोटी त्यांनीच बुजवली होती, नवरा गेल्यावर. आवाज थांबेल असं वाटलं होतं. मग म्हणाल्या,

"तुम्ही लोक आधी नरक सांगता, मिस्टर क्रेल, मग क्षमा. या घरानं क्षमेपर्यंत एकाही पाद्र्याला पोचू दिलं नाही. इथले सगळे मालक अर्धं ऐकून गेलेत. माझा एव्हरार्डसुद्धा. उरलेलं अर्धं त्याला सांगा."

मी म्हटलं, सांगू तेव्हा सळई वाजेलच.

"वाजू दे. सवय आहे त्याची. तुम्ही थांबू नका."

रडल्या नाहीत. रडल्या असत्या तर सुटलो असतो. राहतो. जागा हवीच आहे, आणि – बाईसाहेबांचा तो चेहरा.

१४ नोव्हेंबर

क्षमेवर लिहायला बसलो. प्रत्येक वाक्याला टोमण्याचं शेपूट फुटतं. मी लिहिलेलं मलाच खोटं वाटतं. टोमणा तेवढा खरा उतरतो.

१६ नोव्हेंबर, रविवार – प्रवचनपीठावरून

सळई वाजली. थांबलो नाही. वाजतच राहिली, छताचा चुना गळेपर्यंत – मग थांबली. पडदा बाजूला झाला. आत कोणी दिसलं नाही. पण ऐकत होते.

आणि मी, सवयीनं, विनोद केला. क्षमेवर. दुसऱ्या गावांत हमखास हसतात.

इथे सज्ज्यात खुर्च्या सरकल्या, तसे नोकर पळाले. प्रवचनपीठाचं दारच उघडत नाही. कडी नाही, कुलूप नाही, तरी – प्रवचनाच्या थैलीत ही वही होती म्हणून लिहितोय. हात थांबले की काहीतरी गार जवळ येतं –

क्षमेची नेहमीची वचनं वाचून पाहिली. पुरत नाही. त्यांना पाठ केलेलं कळतं.

सज्ज्यातून खाली उतरणाऱ्या जिन्यावर पावलं. सावकाश. बरीच.

बाकं करकरताहेत. रिकामी बाकं. बाईसाहेब एकट्या बसून आहेत. आत्ता सरकून शेजारी जागा केली. शेजारी पाहून हसल्या. मग माझ्याकडे पाहिलं, हात जोडून –

बोललंच पाहिजे. आतून. एकदा तरी. ती थंडी प्रवचनपीठाच्या पायऱ्यांवर आली –

एव्हरार्ड, ऐका. तुम्हा सगळ्यांना देव –