पुढची खोली आणि वेळचेरीचा पाणलावा

रविवार, ता. १४ जानेवारी १९६२ रोजी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी, वेळचेरीच्या तळ्याकाठी, श्री. दत्तोपंत निजसुरे यांनी बंदूक झाडली. त्या क्षणापासून आजपर्यंत माझी बुद्धी शाबूत आहे. डॉ. चंद्रिकाबाईंनी तपासून तसे लिहून दिले आहे. म्हणून मी, कृष्णवेणीबाई, कै. सुब्बाराव यांची मुलगी, वय बासष्ट, निवृत्त जीवशास्त्र शिक्षिका, राहणार टी. नगर, मद्रास, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. वकील म्हणाले, इंग्रजीत लिहा. इंग्रजी मला कॉन्व्हेंटमध्ये पट्टीने शिकवले, मराठी आईने. दत्तोपंत पुण्याचे असल्यामुळे समजले नाही असे त्यांना म्हणता येणार नाही.

१. राहते घर, पुढची खोली वगळून, माझी भाची धनलक्ष्मी हिला द्यावे. तिला चिमणी आणि साळुंकी यांतला फरक कळत नाही. पण मी कधी मरणार हे तिने आजवर विचारलेले नाही. मागच्या अंगणातला फणस तोडू नये. त्यावर खारी राहतात.

२. पोस्टातली शिल्लक माझ्या जुन्या शाळेला द्यावी. तीतून मुलींसाठी दुर्बिणी घ्याव्यात, मेणबत्त्या नव्हेत. खिडकीबाहेर बघते म्हणून सिस्टर मला रोज उभी करीत. उभे राहिल्यावर जास्त दिसे. हे उपकार मी विसरलेले नाही.

३. माझी दुर्बीण, गमबूट आणि छत्री तुळसीला द्यावी. ती माझा स्वयंपाक करते आणि चिखलाला नाक मुरडत नाही.

४. आता पुढची खोली. 'कोरोमंडल निसर्ग त्रैमासिक' सुरू झाल्यापासून त्याचे कार्यालय याच खोलीत आहे. पहिल्या अंकापासून प्रत्येक प्रूफ मी तपासले आहे. संपादक दत्तोपंत हे रेल्वेच्या हिशेब खात्यातले मोठे अधिकारी. त्रैमासिकाचा शिरस्ता त्यांनी घालून दिला: मेलेला नमुना समोर ठेवल्याशिवाय नोंद छापायची नाही.

गेल्या डिसेंबरात वेळचेरीच्या लव्हाळ्यात मला रंगीत पाणलाव्याचे घरटे दिसले. आमच्या त्रैमासिकाच्या टापूत त्याची वीण कोणी नोंदवलेली नव्हती. मी टिपण दिले.

"बाई, कातडं आणा, छापतो," दत्तोपंत म्हणाले. "नाहीतर उद्या कोणीही उठेल आणि ऐरावत पाहिला म्हणेल."

"मग चला, आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघा."

पोंगलच्या सकाळी ते आले. काखेत कापडात गुंडाळलेले लांबट काहीतरी होते. मला ती छत्री वाटली.

बार झाल्यावर त्यांनी पक्षी पायाला धरून उचलला. "घ्या, तुमची नोंद पक्की झाली! आणि मादीच मिळाली, चांगली अंड्यांवर बसलेली."

मी म्हटले, "दत्तोपंत, तो बाप होता."

"काय बोलता, बाई! अंड्यांवर बाप बसतो का कधी?"

या जातीत बसतो. मादी तांबूस गळ्याची, देखणी. अंडी घालते आणि पुढच्या घरट्याकडे निघून जाते. मळकट रंगाचा नर अंडी उबवतो, पिले वाढवतो. हे पुस्तकात छापलेले आहे. कातडे सोलताना पोट उघडून नर की मादी ते पाहायचे असते. पण अंड्यांवर बसलेली म्हटल्यावर त्यांनी ती तसदी घेतली नाही. मी दुपारपर्यंत तिथे बसले. अंड्यांकडे कोणी आले नाही.

जूनच्या अंकाचे प्रूफ मला प्रथमच दाखवले नाही. अंकात छापले आहे: पहिली नोंद, दत्तोपंत निजसुरे, मादी, घरट्यावर, सोबत एक स्थानिक महिला.

धनलक्ष्मी म्हणते, "अत्ते, एका पक्ष्यासाठी एवढं?" होय. तो पक्षी परत येणार नाही. त्याच्याबद्दलचे खरे तेवढे लिहून ठेवता येईल, आणि ते खोटे लिहिले गेले आहे, तेही माझ्या खोलीत बसून.

म्हणून पुढील अंकाच्या पहिल्या पानावर ही तीन वाक्ये जशीच्या तशी छापावीत: "तो नर होता. तो अंडी उबवत असताना त्याला संपादकांनी मारले. त्यापूर्वी त्याला कृष्णवेणीबाईंनी जिवंत पाहिले होते." छापल्यास पुढची खोली, कपाटे आणि माझी सर्व पक्षीचित्रे कायमची त्रैमासिकाची. न छापल्यास चित्रे शाळेला आणि खोली धनलक्ष्मीला. शेजारच्या साडीवाल्याला गोदाम हवेच आहे.

५. दत्तोपंतांना व्यक्तिशः माझे पक्ष्यांचे पुस्तक द्यावे. पाणलाव्याच्या पानात खूण घातली आहे.

हे मी वाचून, समजून, पुढील दोघांच्या देखत सही केली.

(सही) कृष्णवेणीबाई
साक्षीदार: (सही) डॉ. चंद्रिकाबाई, (सही) गुंडोराव, निवृत्त पोस्टमास्तर, शेजारी
मद्रास, ता. २ सप्टेंबर १९६२

ता. क. मृत्युपत्र मेल्यावर वाचतात. याची एक प्रत मी जिवंतपणीच दत्तोपंतांना रजिस्टर पोस्टाने पाठवत आहे. कारण मी गेल्यावर त्यांनी दुरुस्ती छापली, तर प्रूफ कोण तपासणार? होय किंवा नाही, लेखी उत्तर बुधवार, ता. ३१ ऑक्टोबर १९६२, सायंकाळी पाचच्या आत माझ्या हाती पडावे. साडीवाल्याला मी सहाची वेळ दिली आहे.