थरथर वजा करून

बोस्टन, १२ नोव्हेंबर १९९७

ती. बाबा,
हेंद्रेपाड्यापर्यंत पोचेल असा वाकून नमस्कार.

मी ठणठणीत आहे. आईने कॅम्प चारच्या बाजारात घासाघीस करून घेतलेला स्वेटर इथल्या थंडीला पुरून उरलाय.

आमच्या लॅबमधली, अगदी सूक्ष्म जोर मोजायची सिलिकॉनची पट्टी अखेर जमली! तुमच्या मायक्रोमीटरवरचं सगळ्यात लहान माप असतं ना, त्याच्या शंभराव्या हिश्शाएवढी जाड. अंबरनाथच्या टूलरूममध्ये तुम्ही ती कचरा समजून फुंकून टाकली असतीत.

ती सारखी थरथरायची. माझंच चुकतंय म्हणून मी महिनाभर स्क्रू आवळत बसले. मग कळलं, एवढी बारीक वस्तू खोलीतल्या साध्या उबेनेही हलते, स्वस्थ बसतच नाही. आता आम्ही आधी तिची थरथर मोजतो, ती वजा करतो आणि कामाला लागतो. माप चोख येतं.

तुमची पत्रं हल्ली आईच्या अक्षरात येतात. तुमचा हात कापतो, हे तिने शेवटी लिहिलंच. डॉक्टरांना दाखवलंत का? खरं सांगा.

आणि पुढचं पत्र तुमच्या हातचं हवं. अक्षर हललं तर हलू दे. मी थरथर वजा करून वाचेन.

तुमची,
वृंदा