घरजावयाची स्थावर-जंगम

मी, स्टेनवर्ड लिकोंग्वे, वय सत्तरीच्या पुढे (बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर एक आकडा आहे, बायकोच्या तोंडी दुसरा), धंदा पूर्वी सरकारी विश्रामगृहाचा आचारी, हल्ली बागकाम व बोलणी खाणे, मूळ राहणार मुलांजे डोंगराखालचे नाम्पेया गाव, हल्ली मुक्काम झोम्बा जिल्ह्यातील चिलुंगा म्हणजे बायकोचे गाव, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने व स्वखुशीने लिहून ठेवतो. माझी बुद्धी शाबूत आहे. माझी पत्नी एनिफा हिला हे विधान मान्य नाही, परंतु त्यासाठी कायद्याने तिची संमती लागत नाही. उभ्या संसारात तिच्या संमतीवाचून झालेली ही पहिलीच गोष्ट असल्यामुळे मुद्दाम नोंदवत आहे.

वर "हल्ली" लिहिले आहे, ते हल्ली म्हणजे चाळीसहून अधिक वर्षे. आमच्याकडे लग्न झाले की पुरुष बायकोच्या गावी राहायला जातो. जमीन, घर आणि मुले बायकोच्या घराण्याची, पुरुष तेवढा पाहुणा. गावातले सगळेच नवरे घरजावई, त्यामुळे खरे तर कोणी कोणाला हसू नये. तरी हसतात, आणि बहुतेक मलाच.

मृत्युपत्राची कल्पना माझी नव्हे. माझी मुलगी फाल्नेस ब्लॅन्टायरला एका वकिलाकडे टंकलेखन करते. सुट्टीत आली तेव्हा तिने विषय काढला. मी म्हणालो, पोरी, माझ्याजवळ ठेवून जाण्यासारखे आहे काय? ती म्हणाली, लिहायला बसलात की आठवेल. बसलो. आठवले ते येणेप्रमाणे.

कलम १. घर. विटा मी पाडल्या, मीच भाजल्या. पत्रे पगारातून एकेक करून आणले, म्हणून एक अख्खे वर्ष आम्ही अर्ध्या पत्र्याच्या आणि अर्ध्या गवताच्या छपराखाली काढले. घर एनिफाच्या आजीच्या जमिनीवर उभे आहे, सबब ते एनिफाचे. जे तिचेच आहे ते मी तिला मोठ्या मनाने देतो. माझ्या खुर्चीच्या बरोबर वर पत्र्याला भोक आहे आणि पावसाळ्यात तेथून गळते. भोक बुजवायला डांबर विकत आणावे लागते, म्हणून मी आजवर खुर्चीच सरकवत आलो. आता खुर्ची दारापर्यंत आली आहे. माझ्यामागे ते भोक बुजवून घ्यावे. आधी नको, उगाच खर्च.

कलम २. जमीन. वरचे मक्याचे शेत आणि ओढ्याकाठची बाग, दोन्ही एनिफाची. तीत माझे काय, तर खताचा खड्डा. या कलमात एका जुन्या भांडणाचा उल्लेख अटळ आहे. एनिफाचा थोरला भाऊ बिझवेक हा तिच्या घराण्याचा कर्ता. लग्नानंतर मी पहिल्यांदा कुदळ हातात घेतली तेव्हा तो बांधावर येऊन उभा राहिला.

"पाहुणे," तो म्हणाला, "भोपळा लावा, भेंडी लावा, चवळी लावा. वर्षाच्या आत खाऊन संपेल ते काहीही लावा. झाड मात्र लावू नका. झाड लावणारा माणूस पुढे हलायचं नाव घेत नाही."

मी मान डोलावली. मान डोलावण्यात मी पहिल्यापासून तरबेज आहे. तेव्हापासून वर्षाच्या आत मरणाऱ्या यच्चयावत वनस्पतींचा मी जाणकार झालो. पपई लावली तेव्हा गावच्या मुखियापुढे बैठक बसली, की पपई हे झाड की भाजी? आम्ही कच्च्या पपईची भाजी करून मक्याच्या पिठाच्या न्सिमाबरोबर खातो, म्हणून ती भाजी, असे मी सिद्ध केले. जेवणाची वेळ टळत आली होती, त्यामुळे सर्वांना पटले. पुढे विश्रामगृहातल्या साहेबांनी खाल्लेल्या अव्होकाडोच्या बिया मी घरी आणल्या आणि त्या खड्ड्याच्या कडेला उगवल्या. बिझवेक हात पाठीमागे बांधून आला.

"हे कोणी लावलं?"

"कोणी नाही. टाकलं होतं."

"टाकलेलं असं ओळीत उगवतं?"

रोपे तीन होती आणि ओळीत होती. दोन त्याने उपटली, तिसरे त्याच्या बायकोने राहू दिले. आता हंगामात निम्मी फळे त्याच्या घरी जातात, आणि फळात दोरे फार आहेत असा निरोप रिकाम्या टोपलीबरोबर परत येतो. हा राग मी कोणाच्याही नावे करत नाही. तो मी बरोबर नेणार आहे.

कलम ३. ज्याला मृत्युपत्रात काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे फाल्नेस सांगते. बिझवेकची सही मला हवी आहे, म्हणून त्याला काहीही ठेवलेले नाही. त्याने वाईट वाटून घेऊ नये. घेतले तरी हरकत नाही.

कलम ४. स्वयंपाकघर. नोकरीत मी आयुष्यभर आचारी होतो, पण घरात मला चुलीपाशी येण्यास मनाई आहे. लग्नानंतर मी एकदाच मोठ्या तोऱ्यात भाजी केली. एनिफाने बोट बुडवून चाखली आणि तेल किती घातले ते विचारले. मी बाटली दाखवली. ती महिनाभर पुरायची होती. "सरकारच्या तेलावर कोणीही सुगरण होतो," ती म्हणाली, आणि झारा माझ्या हातातून काढून घेतला. खरा स्वयंपाक मी त्यानंतर दारात बसून शिकलो. भोपळ्याची कोवळी पाने शेंगदाण्याच्या कुटात शिजवावीत. भेंडीत सोड्याऐवजी शेंगांच्या टरफलांच्या राखेचे गाळलेले पाणी घालावे. केळी काळी पडली म्हणजे ती फुकट गेली असे नसून त्यात मक्याचे पीठ कालवून वडे तळायची वेळ झाली, असे समजावे. सुक्या मासळीचे डोके कधी फेकू नये. भांडी सगळी तिची आहेत. माझा फक्त साखरेचा डबा आहे, त्याचा इतिहास असा.

साखर मी पलंगाखाली ठेवत असे. एकदा पाळकसाहेब चहाला आले. मी हात चोळत म्हणालो, काय सांगू, साखर कालच संपली. चार वर्षांची फाल्नेस शेजारी उभी होती. "बाबा, पलंगाखाली आहे की," ती म्हणाली. "आणू?" पाळकसाहेबांनी तीन चमचे घेतले आणि पुढच्या रविवारी खोटे बोलण्यावर प्रवचन दिले. सदर डबा फाल्नेसला देण्यात यावा.

कलम ५. बियाणे. राखेत घालून, लाखेने तोंड बंद केलेल्या बाटल्या आणि दुधी भोपळ्याचे तुंबे कोठीच्या माळ्यावर आहेत. भेंडी, मोहरीचा पाला, चवळी आणि तीन जातींचे भोपळे. हे सगळेही फाल्नेसलाच. ती भाड्याच्या खोलीत राहते आणि टोमॅटो विकत आणते. आमच्या घराण्यात, म्हणजे तिच्या आईच्या घराण्यात, असे आजवर कोणी केलेले नाही. फुटक्या घमेल्यातही मोहरी येते, हे मी तिला सांगून थकलो. आता बाटल्याच सांगतील.

कलम ६. सायकल. ही नाम्पेयात राहणारी माझी थोरली बहीण एस्नात हिच्या मुलाला, वायसनला. आमच्या रीतीने भाचा हाच मामाचा वारस. तो वर्षातून एकदा येतो, "मामा, तब्येत कशी आहे?" असे विचारतो आणि उत्तराची वाट न पाहता सायकलचा टायर दाबून बघतो. घंटी चालत नाही. ब्रेकविषयी मी काही बोलत नाही.

कलम ७. देह. जंगम मालमत्तेत शेवटची वस्तू मी स्वतः. घरजावई मेला की त्याच्या गावची माणसे ट्रक घेऊन येतात आणि त्याला घेऊन जातात. बायका रस्त्यापर्यंत रडत जातात आणि परत येऊन भांडी घासतात. माझ्याबरोबरीचे कितीतरी जण असे गेलेले मी पाहिले, त्या दिवशी शेंगभाजीचे हंडे मीच उतरवले. नाम्पेया मी मिसरूड फुटायच्या आत सोडले. तेथे मला खाली उतरवताना, हा कोणता स्टेनवर्ड, असे लोक एकमेकांना विचारतील.

मला चिलुंगातच राहायचे आहे. येथल्या दफनभूमीत, एनिफाची जागा होईल तिच्या शेजारी. मला तसा हक्क नाही. मृत्युपत्रात माणूस देतो, मागत नाही, असे फाल्नेस म्हणते, आणि तिचे बरोबर आहे. पण देण्यासारखे माझ्याकडचे संपले आणि मागण्यासारखे एवढे एकच आहे. तिला सोडून दुसऱ्या गावच्या मातीत जायची मला भीती वाटते.

हे कलम मी एनिफाला वाचून दाखवले तेव्हा ती तुरीच्या शेंगा सोलत होती. तिने हात थांबवला नाही.

"मला आधी विचारायचंत," ती म्हणाली. "तुम्ही घोरता."

एवढे बोलून ती आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. शेंगा मी सोलल्या.

पुरवणी. वरील मजकुरावर गेल्या रविवारी सह्या व्हायच्या होत्या, त्या का झाल्या नाहीत ते येथे लिहितो. चर्च सुटल्यावर बिझवेक आणि सायकल दुरुस्त करणारा शेजारी लॅक्सन, असे दोघे अंगणात आले. मी सर्व कलमे मोठ्याने वाचली. अव्होकाडोपाशी बिझवेक खाकरला. सातव्या कलमाला त्याने हात वर केला.

"हा कागद उघडणार तुम्ही गेल्यावर," तो म्हणाला. "तोवर तुमच्या माणसांचा ट्रक दारात आलेला असेल. कागद बघून ट्रक थांबत नसतो, पाहुणे."

आणि सही न करता तो उठून गेला. हा नकारच, असे मी समजलो. पुढचे दोन-तीन दिवस मी, जेथे तण नव्हते अशा मोहरीच्या वाफ्यातले तण काढत होतो. बुधवारी बिझवेकच्या बायकोने बातमी आणली, की मयतीला घालायचा कोट अंगात चढवून आणि काखेत कोंबडा धरून तो सकाळीच मुलांजेच्या गाडीत बसला. कोंबडा ऐकून मी खुरपे खाली ठेवले. आमच्यात लग्नाची मागणी घालायला मुलाकडचे कोंबडा घेऊन मुलीच्या दारी जातात. माझ्यासाठी माझा मामा असाच या अंगणात आला होता. पण मुलीकडचे कोंबडा घेऊन मुलाच्या गावी गेले, असे मी तरी कधी ऐकले नव्हते.

तो दुसऱ्या दिवशी उन्हे उतरताना परतला. भेंडीच्या ओळीतून मला आधी कोंबडा दिसला, त्याच्याच काखेत, जिवंत. कोंबडा परत आला म्हणजे मागणी फिरली, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळते. मी बादली पालथी घालून तिच्यावर बसलो. बिझवेकने पाणी मागितले, सावकाश प्यायला, कोट काढून झटकला. माणसाचा जीव टांगणीला लावणे त्याला पहिल्यापासून जमते.

"एस्नातताईंना भेटलो," तो म्हणाला. "म्हटलं, तुमचा भाऊ आम्हाला द्या, आमच्या मातीत राहू दे. सगळं ऐकून घेतलं त्यांनी. मग म्हणाल्या, कोंबडा परत न्या."

मी खाली बघत होतो.

"मी विचारलं, लहान वाटतो का? तर म्हणाल्या, तसं नाही. लग्नात आम्ही कोंबडा दिला, त्याच्याबरोबर भाऊही दिला. एकदा दिलेल्या भावासाठी आता परत कोंबडा कसा घ्यायचा?"

मला रडू आले. सत्तरीचा माणूस भेंडीच्या वाफ्यात पालथ्या बादलीवर बसून हुंदके देतो, हे काही शोभेचे दृश्य नव्हे. आणि माझ्या रडण्याचा आवाज शेळीसारखा आहे, हे मला त्या दिवशीच कळले. एनिफा दारात उभी होती. "बास आता," ती म्हणाली. "मीठ स्वस्त नाही." पण पदराने आधी तिनेच डोळे पुसले.

कोंबडा घरी परत नेला तर बायको हसेल, असे बिझवेकचे म्हणणे पडले. म्हणून तो कापला. एनिफाने टोमॅटो आणि कांद्यात शिजवला, तेल बेताचेच. लॅक्सनलाही बोलावले. पुरुषांची ताटे अंगणात मांडली. या घरात कधी कोंबडी शिजली तर तंगडी आणि पोटातली मांसल गाठ माझ्या ताटात येते, कारण तो पाहुण्याचा मान. घरची माणसे मान आणि पाय चोखतात. चाळीस वर्षे मी तंगडी खाल्ली आणि ती चिवट आहे अशी कुरकुर केली. त्या संध्याकाळी एनिफा वाढायला आली. तंगडी आणि गाठ तिने लॅक्सनच्या ताटात घातली. मग पातेल्यात पळी फिरवली, आणि माझ्या ताटात कोंबड्याची मान घातली. बिझवेकने ताटावरून नजर उचलली नाही. मानेला मांस फारसे नसते. मी ती फार वेळ चोखत बसलो होतो.

कलम ७ कायम. बाकी कलमांत जे बदल करायचे असतील ते एनिफाने करावेत, मी नसताना किंवा असताना.

येणेप्रमाणे वाचून, समजून, हात धुऊन सह्या केल्या.

लिहून ठेवणार: स्टेनवर्ड लिकोंग्वे, राहणार चिलुंगा

साक्षीदार: बिझवेक म्लेंगा, कर्ता, म्लेंगा घराणे
साक्षीदार: लॅक्सन कापिटो, शेजारी

स्थळ: चिलुंगा, जिल्हा झोम्बा
दिनांक: २४ जुलै २०१४